प्रौढांच्या वर्गात बायका टिकत नाहीत, तेव्हा काय करायचं

प्रश्न एका स्वयंसेवक ताईंचा आहे. गावातल्या बचत गटांतल्या महिलांसाठी त्या संध्याकाळी साक्षरता वर्ग घेतात. सुरुवातीला अंगणवाडीची खोली भरून जायची, आता सात-आठ जणी येतात. त्यांनी गाणी घेतली, खेळ घेतले, हजेरीसाठी छोटी बक्षिसंही ठेवून पाहिली. बायकांचं एकच म्हणणं, "आता या वयात शिकून काय करायचं?" ताई विचारतात, की यांच्यात शिकण्याची ओढ निर्माण कशी करायची?

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. ओढ निर्माण करण्याचं काम तुमचं नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकून, घरच्यांचं बोलणं ऐकून घेऊन ज्या बायका खोली भरून आल्या, त्या ओढ घेऊनच आल्या होत्या. ती कुठे गळाली हे शोधणं आपलं काम. आणि अनुभव असा आहे, की ती बहुतेक वेळा वर्गातच गळते. वर्गाबाहेर क्वचित.

"या वयात शिकून काय करायचं" या वाक्यावर वाद घालू नका. शिक्षणाचं महत्त्व सांगू नका. ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. हे वाक्य बाई म्हणते तेव्हा तिच्या मनात बहुतेक वेळा दुसरंच असतं: मला जमलं नाही तर? शेजारणीसमोर हसं झालं तर? वयाचं कारण पुढे केलं की ती बाजू झाकली जाते. म्हणून उत्तर वाक्याला देऊ नका, भीतीला द्या. ते बोलून देता येत नाही, वर्ग कसा चालवता त्यातून द्यावं लागतं.

आता कामाचं बोलू. एक आठवडा वर्गाची घाई सोडा आणि घरोघरी जा. वही-पेन नेऊ नका. "तुम्हाला काय शिकायचंय" असं थेट विचारलं तर "वाचायला-लिहायला" एवढंच उत्तर येतं आणि त्याचा उपयोग होत नाही. त्याऐवजी विचारा, "मागच्या महिन्यात कुठल्या कामासाठी दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखव म्हणावं लागलं?" मग बोलणं सुरू होतं. कुणी सांगेल, बँकेत विड्रॉल भरून द्यायला कुणीतरी शोधावं लागतं आणि त्या माणसाला आपल्या खात्यात किती आहेत ते कळतं. कुणी सांगेल, मोबाइलवर आलेला ओटीपी वाचता येत नाही म्हणून फोनच दुकानदाराच्या हातात द्यावा लागतो. एस.टी.ची पाटी, नातवाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, औषधाच्या पट्टीवरची तारीख, रोजगार हमीच्या हजेरीपत्रकात आपले दिवस बरोबर लागलेत का, एकादशीला हरिपाठ स्वतः वाचायचाय. प्रत्येकीचं काहीतरी निघतंच. ते तिच्या नावापुढे लिहून ठेवा. तुमचा अभ्यासक्रम त्यातून निघेल. उजास प्रवेशिका, म्हणजे सरकारच्या उल्लास साक्षरता कार्यक्रमाचं वाचन-लेखनाचं पुस्तक, वापराच, पण ती या यादीमागून चालू द्या, यादीपुढे नको.

एक नियम मी कटाक्षानं पाळते: कुठलीही बाई वर्गातून रिकाम्या हातानं घरी जाता कामा नये. त्या दिवशी शिकलेलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठेतरी वापरता आलं पाहिजे. लहान मुलाला आपण सांगू शकतो, की आत्ता बाराखडी पाठ कर, पुढे उपयोगी पडेल. मुलाकडे पुढची दहा वर्षं असतात आणि आई-वडिलांचा धाकही असतो. तुमच्या बाईकडे दोन्ही नाही. ती दिवसभर सोयाबीन काढून आली आहे. तीन आठवडे अ, आ, इ, ई गिरवूनही बँकेतली स्लिप तिला तशीच परकी वाटत असेल, तर ती येणं थांबवणार. तिचा हिशेब चुकलेला नाही.

म्हणून मुळाक्षरांच्या क्रमानं जाऊ नका. त्यांच्या तोंडातल्या शब्दांपासून सुरू करा. मी बचत गटातल्या बायकांसाठी चार शब्द घेते: गट, घर, बस, दर. यांत काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. अक्षरं सातच: ग, ट, घ, र, ब, स, द. आधी त्या शब्दावर बोलायचं. दर म्हटलं की यंदा कापसाला, सोयाबीनला काय दर मिळाला यावर दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. मग शब्द फळ्यावर लिहायचा, अक्षरं सुटी करायची आणि त्यांनाच विचारायचं, की या सात अक्षरांतून आणखी काय होतं. रस होतो, सर होतो, घट होतो. नवरात्रातला घट त्यांनीच शोधलेला असतो, त्यामुळे तो विसरत नाही. नंतर फक्त काना द्या. लगेच दसरा येतो, घागर येते, गारा येतात आणि सासर येतं. सासर लिहून झालं की कुणीतरी म्हणतंच, "आता माहेर लिहायला शिकवा." त्यासाठी म हवा, ह हवा, मात्रा हवी. आता पुढचा धडा त्यांनी मागितला आहे. तुम्ही लादलेला नाही. प्रोत्साहन म्हणून आपण जे शोधत असतो, ते हेच.

ही रीत माझी नाही. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 मध्ये अंजिकोस या गावी तीनशेच्या आसपास कामकरी माणसांना याच वाटेनं शिकवलं. त्यांच्या रोजच्या जगण्यातले थोडे शब्द निवडायचे, त्यावर आधी चर्चा करायची, मग ते शब्द फोडून नवे शब्द बांधायचे. सुमारे चाळीस तासांचा तो वर्ग होता. आपल्या लिपीला तर ही पद्धत फारच सोयीची आहे. एक काना, एक वेलांटी कळली की जुन्या सगळ्या अक्षरांना नवं रूप मिळतं, आणि बाईला एका दिवसात पुष्कळ पुढे गेल्यासारखं वाटतं. ते खरंच असतं.

नावाबद्दल वेगळं सांगते, कारण तिथे फसगत होते. पहिल्या आठवड्यातच सही शिकवा, बायका त्यासाठीच आलेल्या असतात. अंगठ्याऐवजी सही केल्यावर बँकेच्या काउंटरवर बाई कशी उभी राहते ते ज्यानं पाहिलंय, त्याला समजावून सांगावं लागत नाही. पण सही चित्रासारखी गिरवून घेतली, की बाई सही करते आणि त्यातलं एक अक्षर दुसरीकडे दिसलं तर ओळखत नाही. गावात साक्षर म्हणून नोंद झालेल्या कितीतरी बायका याच पायरीवर थांबल्या आहेत. म्हणून नाव शिकवल्यावर दुसऱ्या दिवशी ते फोडा. शारदा असेल तर "रदा" झाकून "शा" कुठे कुठे दिसतो ते शोधायला सांगा: शाळेच्या पाटीवर आहे, शाखा या शब्दात आहे. बँकेच्या पाटीवर शाखा असतंच. लक्ष्मी, कृष्णाबाई अशी अवघड नावं असतील तर त्यांना वेळ द्या, आणि मोठ्यानं सांगा की हे नाव वर्गातल्या सगळ्यांपेक्षा कठीण आहे. ती बाई मागे पडली आहे असं तिला वाटता कामा नये.

लाज. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण वर्ग ओस पडतात ते बहुतेक वेळा हिच्यामुळे, आणि शिक्षिकेला ते कळतही नाही.

सासू आणि सून एकाच वर्गात बसतात का ते बघा. सून दोन-तीन यत्ता शिकलेली असते, तिला पटकन येतं. सासूला येत नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूच्या गुडघ्याला दुखायला लागतं. अशा वेळी सुनेला शिकवणारी करा, पण दुसऱ्या गल्लीतल्या बायकांची. स्वतःच्या सासूची नाही. फळ्यापाशी एकटीला कधीही बोलावू नका. सगळ्यांनी मिळून वाचावं, मग दोघी-दोघींनी, आणि एकटीनं तेव्हाच जेव्हा ती स्वतः म्हणेल. लाल पेन वर्गात नकोच. वहीवर फुली मारू नका. बरोबर अक्षर शेजारी लिहा आणि बाईनं स्वतः ताडून पाहावं. "एवढं सोपं तर आहे" हे वाक्य मोठ्या मायेनं म्हटलं जातं आणि सर्वात जास्त लागतं. सोपं असून मला येत नाही, असंच ती ऐकते. त्याऐवजी म्हणा, "हे अक्षर सगळ्यांनाच त्रास देतं." ध-घ, भ-म, प-ष ही अक्षरं खरोखरच सगळ्यांना त्रास देतात, त्यामुळे खोटं बोलावं लागत नाही.

टाळ्या आणि बक्षिसं यांचंही तेच. मोठ्या माणसाला "शाब्बास" म्हणताना आपण नकळत त्यांच्या डोक्यावर हात ठेवत असतो. तुमच्या वर्गातली बाई घर चालवते, कर्ज फेडते, बाळंतपणं निभावते. तिला लहान मुलीसारखं कौतुक नको असतं. आपलं काम झालं हे दिसायला हवं असतं. बक्षिसाचा डबा मिळाल्यानं ती दोन दिवस जास्त येईल. पण ज्या दिवशी ती गटाच्या वहीतली आपली ओळ वाचून "माझा हप्ता इथे लागलेला नाही" म्हणेल, त्या दिवसानंतर तिला बोलवायला जावं लागणार नाही. असे प्रसंग मी पाहिले आहेत. हप्ता मागाहून नोंदवायचा राहिला होता, कुणाचं वाईट मनात नव्हतं, पण त्या बाईनं तो स्वतः वाचून काढला होता.

यावरून गटाच्या वहीचं सांगते. ताई, तुमच्याकडे सर्वात चांगलं पाठ्यपुस्तक आधीच आहे. गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन येतं. हिशेब मात्र एकच शिकलेली बाई किंवा सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) लिहिते, बाकीच्या ऐकतात. महिन्यातून एक वर्ग गटाच्या बैठकीलाच जोडा. प्रत्येकीनं आपलं वैयक्तिक पासबुक उघडून फक्त आपली ओळ वाचायची: तारीख, बचत, कर्जाची बाकी. हे आकडे त्यांना आधीच तोंडपाठ असतात. माहीत असलेली गोष्ट कागदावर ओळखणं हे अनोळखी मजकूर वाचण्यापेक्षा फार सोपं आहे, आणि तिथे धीर येतो. सचिवाला मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर तिला वाटेल आपल्यावर पाळत ठेवली जातेय.

अंकांच्या बाबतीत मराठीची एक खास अडचण आहे आणि ती बहुतेक शिकवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपण "बत्तीस" म्हणतो तेव्हा दोन आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. लिहायचे मात्र तीन आधी. म्हणून बाई 32 ऐवजी 23 लिहिते. एकोणपन्नास तर आणखी अवघड, त्यात चारही ऐकू येत नाही आणि नऊही. ही बाईच्या बुद्धीची चूक नाही. बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या गणितात सत्तावन्नसाठी "पन्नास सात" अशी वाचनाची वाट दिली होती, त्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. वाद बाजूला ठेवा; प्रौढांच्या वर्गात मी ही वाट बिनदिक्कत वापरते, आणि सोबत नोटा वापरते. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची नऊ नाणी समोर ठेवायची. नोटा किती? चार. तो डावीकडे. नाणी किती? नऊ. ते उजवीकडे. झाले 49, म्हणजे चाळीस नऊ, म्हणजे आपण म्हणतो ते एकोणपन्नास. काही बायका अजून विसाच्या मोजणीनं हिशेब करतात, तीन विसा म्हणजे साठ. ते मोडू नका, त्यावरच बांधा. बाजारात त्यांना कुणी एक रुपयानं फसवू शकत नाही. त्यांना गणित येतं, फक्त लिहिलेलं येत नाही. हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगा. मी सांगितलं की चेहरे बदलतात.

ओटीपीसाठी वेगळा सराव घ्या. तिथे सगळी संख्या वाचायची नसते, एकेक अंक सुटा वाचायचा असतो, त्यामुळे तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जमतो. त्याच दिवशी हेही सांगा, की ओटीपी फोनवर विचारणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, बँकेचं नाव घेतलं तरी नाही.

आता एक अगदी साधी गोष्ट, जी मी नव्या स्वयंसेवकांना सगळ्यात आधी विचारते: तुमच्या वर्गात चष्मे किती जणींना आहेत? चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतंच. जी बाई कधी वाचतच नव्हती, तिला ते कळलेलंच नसतं. सुईत दोरा ओवायला नात असते, तांदूळ निवडायला सून असते. ती वर्गात येते, अक्षर धूसर दिसतं, आणि तिला वाटतं की आपलं डोकं चालत नाही. पहिल्या आठवड्यात सुईत दोरा ओवायला सांगून पाहा, आणि ज्यांना जमत नाही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेत्र तपासणी शिबिरात घेऊन जा. वर्ग सोडून गेलेल्यांतल्या काही जणी फक्त चष्म्यानं परत येतील, हे मी खात्रीनं सांगू शकते. उजेडही बघा. अंगणवाडीच्या खोलीत एकच दिवा मागच्या भिंतीवर असेल तर वहीवर स्वतःचीच सावली पडते.

हातांचंही तसंच आहे. खुरपं, कोयता, विळा धरून कडक झालेल्या बोटांत बारीक पेन्सिल बसत नाही, मनगट दुखतं, अक्षर वहीच्या ओळीत मावत नाही. सुरुवातीला पाटी आणि खडू द्या, अक्षरं वीतभर होऊ द्या. रांगोळीत अक्षर काढून घ्या; तिथे त्यांची बोटं तुमच्यापेक्षा सफाईनं चालतात. वही नंतर.

वेळेचं थोडक्यात. सुगीत वर्ग बंद ठेवा आणि बंद ठेवतोय हे आधी जाहीर करा, म्हणजे न येणारीला आपण वर्ग सोडला असं वाटणार नाही. परत सुरू होण्याची तारीख सगळ्यांच्या देखत ठरवा. दीड तासापेक्षा लांबवू नका. आणि नवऱ्यांशी, सासवांशी एकदा तुम्ही स्वतः जाऊन बोला. शिक्षणाचे फायदे सांगायला नको; वर्ग किती वाजता सुटतो आणि कोण सोबत घरी येतं, एवढंच सांगायला. त्यांची काळजी बहुतेक वेळा तेवढीच असते.

एक उदाहरण माझ्या मनात नेहमी असतं, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावातलं. तिथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत जायच्या. लोकांनी त्या साडीचे फोटो पाहिले. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं आणि सोबतीचं: दुपारची, घरकाम आवरल्यानंतरची वेळ, आणि सगळ्या एका वयाच्या, एका गावच्या. सगळ्यांच्या अंगावर एकच साडी असल्यावर कुणी एकटी वेगळी पडत नाही. लाज तिथे शिरायला जागाच ठेवली नव्हती. साडी हवीच असं नाही, पण गल्लीतल्या चौघी-पाचजणींनी एकमेकींना हाका मारत यावं, अशी बांधणी तुम्हीही करू शकता.

परीक्षेचा विषय तुमच्याकडे आज ना उद्या येणारच. उल्लास कार्यक्रमातली चाचणी 150 गुणांची असते: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. तिचं नाव काढलं की चांगल्या शिकणाऱ्या बायकाही गळतात. तारखेच्या आधी महिनाभर तशाच छापील कागदावर, त्याच मापाच्या चौकटींत सराव घ्या, पण परीक्षा हा शब्द न वापरता. निम्मी भीती अक्षरांची नसते, कागदाची असते: कुठे लिहायचं, किती जागेत लिहायचं. आणि ज्या बाईला बसायचं नाही तिला बसवू नका. आकडा भरण्यासाठी बसवलेली बाई घाबरून वर्गच सोडते, आणि तुमचा आकडा पुढच्या वर्षी आणखी कमी होतो.

शेवटी, ज्या आता येत नाहीत त्यांचं. त्यांच्या घरी जा, पण "का येत नाही" असं विचारू नका. कारण विचारलं की कारण द्यावं लागतं, आणि एकदा दिलेलं कारण माणूस मागे घेत नाही. त्याऐवजी छोटंसं काम घेऊन जा. तिनं शिकलेल्या अक्षरांतला एखादा शब्द कागदावर मोठा लिहून न्या आणि म्हणा, "वर्गात हा लावायचाय, बरोबर दिसतोय का?" किंवा गटाचं तिचं पासबुक बघायला मागा आणि तिची ओळ तिलाच दाखवायला सांगा. तिला अजून आठवतंय हे तिचं तिलाच कळतं. मग फक्त वार आणि वेळ सांगून निघा. काही जणी तरीही येणार नाहीत. त्यांच्या घरात आजारपण असेल, कामाला बाहेरगावी जावं लागलं असेल. त्यांच्यासाठी पाटी आणि चार शब्द घरी ठेवून या, आणि वर्गात येणाऱ्या सात-आठ जणींपैकी शेजारच्या एकीला सांगा, की आठवड्यातून एकदा तिच्या ओट्यावर जाऊन बस.